सोडा तापवण्याचे दिवस

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला जाग येते. एरवी तिचं कुलूप निघतच नाही असं नाही, पण दहावीचे प्रॅक्टिकल जवळ आले की मग काचेच्या नळ्या ब्रशने घासल्या जातात, स्पिरिटच्या दिव्यांच्या वाती वर ओढल्या जातात, बाटलीत बसून गढूळ झालेली चुन्याची निवळी फेकून नवी करायला ठेवली जाते. यंदा परवाच हे सगळं झालं. खिडकी उघडली तर अमरावतीचं फेब्रुवारीतलं ऊन आत आलं. सकाळी पाठीवर घ्यावंसं वाटणारं आणि दुपार व्हायच्या आत नकोसं होणारं. राजापेठेतल्या नेहमीच्या किराणा दुकानातून मी खाण्याच्या सोड्याचे पुडे आणले होते. दुकानदार दरवर्षी विचारतो तसं त्याने यंदाही विचारलं, "मॅडम, ढोकळा का शाळा?" मी म्हणाले, "शाळा." तो हसला. मीही हसल्यासारखं केलं.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. उष्णता दिली की पदार्थ तुटतो, हे मुलांना दाखवायचं असतं. पुस्तकात त्यासाठी चुनखडीचं उदाहरण असतं. पण चुनखडी तुटायला भट्टीची आच लागते. आमच्या स्पिरिटच्या दिव्यावर ती कितीही वेळ धरली तरी ढिम्म हलत नाही. म्हणून मी सोडा घेते. सोडा लवकर हार मानतो. परीक्षानळीत चमचाभर घालायचा, नळी तोंडाकडून थोडी खाली झुकवून धरायची आणि खाली दिवा लावायचा. थोड्या वेळात नळीच्या तोंडाशी दव पडल्यासारखे थेंब दिसू लागतात. कोरड्या भुकटीतून पाणी. मुलं पुढे वाकून बघतात. नळीच्या बुचातून काढलेली वाकडी नळी चुन्याच्या निवळीत बुडवलेली असते, तिथे बुडबुडे येतात आणि स्वच्छ निवळी दुधाळ होत जाते. तो कार्बन डायऑक्साइड. नळीत उरतो तो धुण्याचा सोडा. रंग तोच पांढरा, पण आता तो खायचा राहिलेला नसतो.

सोड्यात तापमापी खुपसून ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. पारा आधी भराभर चढतो, मग रेंगाळतो. दिवा तोच, आच तीच, पण पारा हलला तर जेमतेम. मुलांना वाटतं दिवा मंद झाला. दिवा मंद झालेला नसतो. येणारी उष्णता आता सोड्याला तापवत नसते, त्याला आतून तोडण्यात ती खर्च होत असते. सगळा तुटून झाला की पारा पुन्हा चढायला लागतो. याला उष्माग्राही अभिक्रिया म्हणतात. इतकी वर्षं मी हे एकाच चालीत सांगत आले आहे. आता सांगताना मध्येच थांबते. मुलांना वाटत असेल, मॅडमला पुढचं वाक्य आठवत नाही.

करोनानंतर शाळा पुन्हा रुळावर आल्या, त्यानंतरचा तो फेब्रुवारी. माझा धाकटा भाऊ मिलिंद माझ्याकडे राहायला आला होता.

मिलिंद काळीपिवळी जीप चालवायचा. दर्यापूर ते अकोला. दहा माणसांच्या जागेत पंधरा बसवायचा, टपावर कांद्याची पोती, मागच्या दाराला लटकलेली कॉलेजची पोरं, आणि पुढे स्वतः अर्धा सीटवर अर्धा दाराबाहेर. शाळा दहावीनंतर सोडली, कारण त्याला इंजिनाचा आवाज आवडायचा. लग्न झालं होतं, एक मुलगी होती. बोलायला मोकळा, चिडायला त्याहून मोकळा, आणि दोन्हीतून लगेच बाहेर येणारा. मी अमरावतीत दोन खोल्या घेऊन एकटी राहते, लग्न केलं नाही. तो आला की माझ्या घरात आवाज व्हायचा. एरवी नुसता शेजारच्या ट्यूशन क्लासचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा.

आमचं गाव दर्यापूरच्या पलीकडे, पूर्णेच्या काठचं. त्या सगळ्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीशार, कापूस येतो, तूर येते, पण खाली पाणी खारं. उन्हाळ्यात बांधावर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर येतो. आम्हा भावंडांना ते पाणी खारं आहे हे ठाऊकच नव्हतं. पाणी म्हणजे असंच असतं असं वाटायचं. पुढे मी शिकायला अमरावतीला आले, तेव्हा वसतिगृहातलं पाणी मला फिकं लागलं; कित्येक दिवस तहान भागल्यासारखी वाटेना. माय चुलीवर ज्या गंजात पाणी तापवायची त्याच्या तळाला पांढरा टणक थर धरायचा. ती तो उलथन्याने खरवडायची आणि अंगणात फेकायची. कॉलेजात शिकले की पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट उकळले की तुटतात, वायू उडून जातो, खडूसारखा कार्बोनेट तळाशी बसतो. सोड्याचंच भावंड म्हणायचं. परीक्षेत मी ते समीकरण लिहिलं तेव्हा मला मायचा गंज दिसत होता. चांगले मार्क मिळाले. त्या पाण्यातलं जे उडत नाही आणि तळाशीही बसत नाही, ते कुठे जातं, असा प्रश्न पेपरात नव्हता.

त्या हिवाळ्यात मिलिंदचे पाय सुजले. आधी त्याने गाडीवर ढकललं. बसून बसून सूज येते म्हणाला. मग जेवण जाईना, जिना चढला की धाप लागू लागली. मी त्याला घेऊन अकोल्याला एका किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. हळू बोलणारे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी आमच्या गावाचं नाव विचारलं आणि ऐकून नुसती मान हलवली. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

मी विचारलं, "पाण्यामुळे झालं का?"

"पाणी असू शकतं," ते म्हणाले. "तुमच्या भागातून पुष्कळ लोक येतात. पण उन्हात गाडी चालवणं आहे, अंगदुखीच्या गोळ्या खाणं आहे, बीपी आहे. एकावर बोट ठेवून सांगता येत नाही, मॅडम."

बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, "म्हंजे शिव्या कोनाले द्याच्या तेबी ठरत नाई."

मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्यापलीकडे उभी असलेली एक जीप बघत होता. तिचं मागचं चाक बसलं होतं आणि ते ड्रायव्हरच्या लक्षात आलं नव्हतं. मिलिंद रस्ता ओलांडून गेला, त्याला सांगून आला, मग आम्ही बसस्टँडकडे निघालो.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस करायचं ठरलं. ते अमरावतीला सोयीचं, म्हणून तो माझ्याकडे आला. त्याची बायको करुणा आणि मुलगी गावी मायजवळ राहिल्या. करुणा अधूनमधून यायची, डबा आणायची, त्याच्या पायांवर बोट दाबून सूज बघायची आणि मला काही विचारायची नाही.

औषधांच्या पिशवीत एक पाकीट सोड्याच्या गोळ्यांचं होतं. मी नाव वाचलं आणि नको त्या वेळी हसू आलं. मिलिंदने विचारलं, "काय झालं?" मी त्याला सांगितलं की तुले डॉक्टरनं खाण्याचा सोडा देल्ला. त्याला पटेना. मग मी समजावलं. रक्तात रोज आम्ल तयार होतं. किडनी ते बाहेर टाकते. तिने टाकलं नाही की ते साठतं, हाडं खातं, भूक मारतं. सोडा त्या आम्लाला धरतो, त्याचं पाणी होतं आणि वायू होतो, आणि तो वायू श्वासाबरोबर निघून जातो.

"म्हंजे माह्या पोटात तुही प्रयोगशाळा हाये," तो म्हणाला.

डायलिसिसच्या यंत्राजवळही सोडाच होता. खोलीच्या कोपऱ्यात शुद्ध पाण्याचा नळ, तिथे तंत्रज्ञ मुलगी पांढरी भुकटी कॅनमध्ये घालून हळूहळू विरघळवायची. मी पाकिटावर वाचलं, तेच ते. ती म्हणाली, पाणी गरम घ्यायचं नाही आणि जोरात घुसळायचंही नाही, नाहीतर त्यातला वायू उडून जातो. मी म्हणाले, हो, माहीत आहे. ती म्हणाली, तुम्ही इथल्याच का? मी म्हणाले, नाही, शाळेत असते. मिलिंदच्या हातात सुया होत्या, रक्त नळीतून यंत्रात जात होतं, परत येत होतं. तो डोळे मिटून आमचं बोलणं ऐकत होता. त्याच्या ओठांवर कातडी सुटली होती.

कारण खरं दुखणं सुयांचं नव्हतं, तहानेचं होतं. दिवसाचं पाणी मोजून. चहा त्यातच, भाजीचा रस्सा त्यातच, गोळी गिळायचा घोटही त्यातच. सकाळी मी एका बाटलीत त्याचं दिवसाचं पाणी भरून ठेवायची. दुपारपर्यंत तो तिच्याकडे बघायचा नाही. मग बघायला लागायचा. शेजाऱ्यांच्या टाकीचं पाणी ओसंडून भिंतीवरून गळायला लागलं की उठून बाल्कनीत जायचा आणि पाणी बंद होईपर्यंत तिथे उभा राहायचा. टीव्हीवर थंड पेयाची जाहिरात लागली की आवाज बंद करायचा. आमच्या गावात जन्मलेल्या माणसाला पहिल्यांदाच अमरावतीचं गोडं पाणी रोज मिळत होतं, आणि ते प्यायची मनाई होती.

प्रॅक्टिकलच्या तयारीच्या दिवसांत एका दुपारी तो शाळेत आला. घरी बसून कंटाळला होता. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, सोड्याचा प्रयोग नीट होतो का ते बघत होते. तो उंच स्टुलावर बसला. मी दिवा लावला.

थोड्या वेळाने नळीच्या तोंडाशी थेंब जमले.

"हे पानी कुठून आलं?"

"सोड्यातून."

"त्यात तं काईच नोतं. कोरडा ठन्न होता."

"त्याच्या आत बांधलेलं असते. उष्णता देल्ली का सुटते."

तो बराच वेळ त्या थेंबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, माह्यासाठी एक पोतंभर तापव न."

मी हसले. तोही हसला. पण त्याची जीभ ओठांवरून फिरली ते मी बघितलं.

मग त्याचं लक्ष पाऱ्याकडे गेलं. गाडी चालवणारा माणूस. काटा, पारा, सुई यांच्यावर त्याची नजर आधी जायची. "आच तं चालूच हाये. मंग हा चढत कावून नाई?"

मी त्याला सांगितलं, उष्णता आता तोडायच्या कामाला लागली आहे.

"गाडीचं उलटं हाये," तो म्हणाला. "डिझल जळते, उष्णता भायेर येते, त्याच्यावर गाडी पयते. हे तं नुसतं खाऊन राह्यलं."

"हो. अशा अभिक्रियेले उष्माग्राही म्हनते. उष्णता घेणारी."

"अन् दिवा काढला तं?"

"थांबते. जेवढं तुटलं तेवढं तुटलं, बाकीचं जसंच्या तसं. आपोआप पुढं नाई जात."

खालच्या मैदानात मुलं कबड्डी खेळत होती, त्यांचा दम घुमत होता. मिलिंद म्हणाला, "चालू ठेवनं भाग हाये म्हंजे." कशाबद्दल म्हणाला ते मी विचारलं नाही. दिवा बाजूला करण्याआधी मी निवळीतली नळी वर काढली, कारण ती तशीच राहू दिली तर थंड होताना परीक्षानळी निवळी आत ओढून घेते आणि तडकते. हे मी त्याला सांगितलं. सांगायला काहीतरी हवं होतं.

मी किडनी द्यायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. मायला साखरेचा आजार, करुणाचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळला. गावातले लोक फोनवर म्हणायचे, ताई हाये न, मंग काय काळजी. मिलिंद तयार नव्हता. तो म्हणायचा, "तुह्यामांगं कोनी नाई, उद्या तुले काई झालं तं कोन पाहीन?" मी म्हणायची, "तू पाहशीन." त्या दिवसांत मला एक चमत्कारिक बळ आलं होतं हे कबूल करते. पेपर तपासताना, भाजी निवडताना, मधूनच मी कमरेवर हात ठेवून बघायची. इथे आहे, आणि याची दुसरी जागा ठरली आहे. आयुष्यात आपण कोणाच्या इतक्या कामाचे असू असं मला त्याआधी वाटलं नव्हतं.

तपासण्या अकोल्याला झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. तेवढ्यावरून मला कळलं काहीतरी आहे, पण जे होतं ते मनात आलं नव्हतं.

"तुम्हाला देता येणार नाही," ते म्हणाले.

"का? गट तर जुळतो."

"तुमच्याही किडन्या जेवढं काम करायला हव्यात तेवढं करत नाहीत. आज त्रास नाही. पुढे काळजी घ्यावी लागेल. पण यातली एक काढणं म्हणजे..." ते थांबले. मग विचारलं, "तुम्हीही त्याच गावच्या ना?"

मी हो म्हणाले. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, म्हणाले. लहानपणी आम्ही दोघं एकाच तांब्याने विहिरीचं पाणी प्यायचो. आधी कोण, यावरून भांडायचो.

मिलिंद बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला तिथेच सांगितलं. लपवून ठेवण्याइतकं त्राण नव्हतं. तो ऐकत राहिला. समोरच्या भिंतीवर निरोगी किडनीचं रंगीत चित्र लावलेलं होतं, त्याच्याकडे बघत राहिला.

"तुले गोळ्या देल्ल्या?" त्याने विचारलं.

"हो."

"सोड्याच्या?"

"अजून नाई."

"बरं," तो म्हणाला. परत येताना बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाला, "तू आता मले पाह्यत नको जाऊ. सोताले पाह्य." बाहेर हरभरा काढून झालेली रानं पसरली होती. त्या प्रवासात मला रडू आलं नाही. मला फक्त राग आला होता, आणि तो कोणावर करायचा ते ठरत नव्हतं.

पुढचे दिवस सरळ वाटेने गेले, उताराच्या. प्रॅक्टिकल झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सोड्याच्या प्रयोगाचं कौतुक केलं. बोर्डाचे पेपर सुरू झाले, मला सुपरव्हिजन लागलं, मिलिंद डायलिसिसला एकटा जाऊ-येऊ लागला. दुसऱ्या कोणाची किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवलं होतं, पण ती वाट लांबची होती हे आम्हाला ठाऊक होतं. मार्च सरता सरता ऊन वाढलं. पंखा गरम वारा फेकायला लागला. मिलिंद ओला रुमाल तोंडावर टाकून पडून राहायचा आणि मग तो रुमाल चोखायचा. मी बघितलं की बाजूला ठेवायचा. जोक करायचं त्याने सोडून दिलं होतं. एकदा मला म्हणाला, "ताई, मले सपनातबी पानी दिसत नाई आता. पह्यले दिसे."

एप्रिलमध्ये तो गावी गेला. मुलीची आठवण येते म्हणाला. डायलिसिसची पाळी टळेल म्हणून मी नको म्हटलं. तो म्हणाला, एक पाळी चुकली तं काई होत नाई, पुढच्या पाळीले हजर. मी स्टँडवर सोडायला गेले. दर्यापूरच्या गाडीत चढताना त्याने ड्रायव्हरला नावाने हाक मारली, पुढची सीट मिळवली. खूप दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी दिसलं.

पुढचं मला मायने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चालवायला दिलेली आपली काळीपिवळी मित्राकडून परत घेतली आणि दर्यापूरची एक फेरी मारली. करुणाने अडवलं, त्याने ऐकलं नाही. दुपारी टळटळीत उन्हात परत आला. करुणा मुलीला घेऊन लग्नघरी गेली होती. घरात माय एकटी. तो दारातच खाली बसला, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाला, "माय, पानी दे."

मायने मोजून दिलं. तिला करुणाने भांडं दाखवून ठेवलं होतं. ते त्याने एका घोटात संपवलं आणि भांडं पुढे केलं.

"पुरे न बाप्पा," माय म्हणाली.

"माय," तो म्हणाला, "आज मोजू नको."

तिने मोजलं नाही. माठातून गडवा भरून आणला, मग आणखी एक. माय सांगते, तो असा पेला का लहानपनी शायेतून येऊन पे तसा. हनुवटीवरून छातीवर सांडलं. मग तो हसला आणि तिथेच गारव्याला आडवा झाला.

दिवस कलायला लागला तशी त्याला श्वास पुरेना. मित्राने त्याचीच गाडी काढली. लग्नघरून धावत आलेली करुणा मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी अमरावतीला दवाखान्याच्या फाटकात उभी होते, संध्याकाळच्या गर्दीत येणारी प्रत्येक जीप बघत. गाडी आली तेव्हा ती हॉर्न वाजवत नव्हती, सावकाश आली. ते बघूनच मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, एका दुपारच्या पाण्याने असं होत नाही. पाणी अंगात आधीच साठत होतं, हृदय थकलं होतं, पाळी चुकली होती. त्यांनी हे मला दोनदा सांगितलं, आणि मी ते मायला कितीदा सांगितलं याला गणती नाही. पुण्यानुमोदनाला माणसं जमली होती, वंदना झाली, लोक जेवून परत गेले. मग मी तिच्याजवळ बसून पुन्हा सगळं सांगितलं, शाळेत सांगते तसं, पायरी पायरीने. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तू मास्तरीन हायेस. तू बरोबरच सांगशीन. पन पानी म्या देल्लं."

मी मुलांना शिकवते की वस्तुमान नाहीसं होत नाही. सोडा तापवण्याआधी आणि तापवल्यावर तोलला तर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त वजन कमी भरतं. पण ते कुठे गेलं हे दाखवता येतं. इतकं पाणी झालं, इतका वायू झाला, बेरीज करा, बरोबर जुळते. नियम खरा आहे. त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. मिलिंदचा सदरा माझ्या कपाटात आहे. त्याचा फोन करुणाकडे आहे. त्याच्या गाडीवर आता दुसऱ्या मुलाचं नाव रंगवलेलं आहे. या सगळ्याची बेरीज केली तर काहीच होत नाही.

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, धुण्याच्या सोड्याचा परत खाण्याचा सोडा होतो का?" चांगला प्रश्न होता. मी सांगितलं, होतो. त्याच्या द्रावणात तोच वायू पुन्हा सोडायचा, कारखान्यात तसाच करतात, आणि तोडताना जेवढी उष्णता घेतली तेवढी परत जुळताना तो बाहेर टाकतो. मुलगी वहीत लिहून घेत होती. मी खोटं सांगितलं नाही. सोड्याचं होतं तसं.

करुणा मुलीला घेऊन चांदूर बाजारला भावाकडे गेली. तिकडे पाणी गोड. जाताना मला म्हणाली, "लेकराले त्या पान्यावर नाई ठेवत मी, ताई. राग नका मानू." राग कसला मानायचा. मला मागच्या दिवाळीपासून सोड्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. सकाळी चहाआधी घेते. त्यांना चव अशी नसते, मागून जिभेवर किंचित खारटपणा राहतो.

माय गाव सोडत नाही. कितीदा म्हटलं, अमरावतीला चल. ती म्हणते, इथं बरी हाये. गावात आता नळाचं पाणी येतं, कधी येतं, कधी नाही. शेजारच्या बाया तिच्याकडे येऊन बसतात. पण मायचं एक बदललं आहे. आमच्याकडे दारात माणूस आलं की आधी पाणी पुढे करायचं, मग विचारायचं कसे आलात. माय आता कोणाला पाणी देत नाही. माणूस आलं की "जय भीम" म्हणते, बसा म्हणते आणि कोपऱ्याकडे हात करते, "माठ तिथं हाये. आपल्या हातानं घ्या." नव्या माणसाला ते तुसडं वाटतं. गावातल्यांना सवय झाली आहे.

गेल्या महिन्यात मी गेले होते. फाट्यावर उतरून चालत आले, दुपारचं ऊन लागलं होतं. दारात पिशवी टाकली आणि न विचार करता, लहानपणापासून तोंडात बसलेलं म्हणून, बोलून गेले, "माय, पानी दे न."

बोलल्यावर मला कळलं. तीही जागच्या जागी थांबली. मग भिंतीचा आधार घेऊन उठली. माठाजवळ गेली, ग्लास बुडवला, भरला. माझ्याकडे दोन पावलं आली आणि थांबली. माझ्या गोळ्यांचं तिला ठाऊक आहे.

"तुलेबी मोजून द्याचं हाये का?" तिने विचारलं.

"नाई," मी म्हणाले. "अजून नाई."

तिने ग्लास माझ्या हातात दिला नाही. खिडकीत ठेवला, परत जाऊन आपल्या जागी बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी खिडकीशी गेले. ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या ते पाणी प्याले. घरात दुसरा आवाज नव्हता, माझेच घोट मला ऐकू येत होते, तिलाही येत असणार. मी ग्लास खाली ठेवला, तरी तिने मान वळवली नाही.

"लय तं नाई न पेली?" ती म्हणाली.